रंगाआधी भिंतीचे कागद

मंडळी, पाऊस उघडला आणि नवरात्र आटोपले, की आपल्या वऱ्हाडात घरे रंगवण्याची घाई सुरू होते. रिद्धपूरसारख्या जुन्या गावातून मातीच्या भिंतींची घरे आजही आढळतात. आतली खोली पाहावी, तर भिंतीला काय काय चिकटवलेले असते! माती झडू नये म्हणून वर्तमानपत्रे, शोभेसाठी कॅलेंडरची चित्रे आणि शाळेच्या वर्गात जुने तक्ते. मग कोणी म्हणतो, "कागद कशाला काढता? वरूनच हात मारून टाकू."

तसे करू नका. हा कागद बहुधा पिठाच्या खळीने लावलेला असतो. वरून ओला रंग लागला की खळ भिजते, कागद फुगतो आणि त्याला फोड येतात. वाळताना तो आक्रसतो व सुटतो, आणि सुटताना नवा रंगही घेऊन येतो. रंगाचा आधार डब्यात नसतो, भिंतीत असतो.

कागद काढायचा कसा? पाणी आणि सबुरी, एवढ्याच दोन गोष्टी लागतात. आधी विजेचे मेन बटण बंद करा, कारण बोर्डाजवळ ओला हात जाणारच. मग कोमट पाण्यात फडके पिळून हातभर जागा ओलवा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. खळ सैल झाली की बोथट पत्री आडवी धरून कागद खालून वर सोडवा. चकचकीत कागदात पाणी शिरत नाही. त्याला आधी हलके ओरखडे पाडा. भिंत मातीची असेल तर पाणी ओतू नका, नाहीतर कागदाबरोबर मातीही हातात येईल.

कागद निघाला म्हणजे काम संपले असे नाही. भिंतीवर उरलेली खळ ओल्या फडक्याने पुसून काढा. तिच्यावर बुरशी धरते, झुरळे आणि कसर येते. नंतर भिंत दोन-तीन दिवस उघड्या हवेत वाळू द्या. वाळल्यावर तळहात फिरवून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुना चुना सैल झाला आहे. तो ब्रशाने झाडून घ्या. मातीच्या भिंतीला पुन्हा चुनाच उत्तम. चुना हवेतला कर्बवायू घेऊन घट्ट होतो आणि आतली ओल बाहेर जाऊ देतो. तेलाचा रंग मात्र ती ओल कोंडून ठेवतो, आणि मग पोपडे सुटतात.

आता शिक्षक बंधुभगिनींनी विशेष लक्ष द्यावे. वर्गाच्या भिंतीचा खालचा पट्टा, दारे आणि खिडक्या यांना जुना तेलरंग असतो. पूर्वीच्या अशा रंगांत शिसे असे. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला, तर त्याची धूळ श्वासातून आणि हातांवरून पोटात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि ती इजा भरून येत नाही. म्हणून घट्ट बसलेला रंग उगाच उकरू नका. सैल झालेला काढावाच लागला तर ओला करून काढा. मुलांना, गरोदर बायांना त्या खोलीत येऊ देऊ नका. पोपडे गोळा करून बांधून ठेवा, अंगणात झाडू नका. फरशी ओल्या फडक्यानेच पुसा. मुलांकडून हे काम श्रमदान म्हणूनही करून घेऊ नका.

शेवटी एक गोष्ट. रिद्धपूर हे पोथ्यांचे गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिले ते इथेच. अशा गावात भिंतीवरचा कागद ओला करण्यापूर्वी एकदा वाचून पाहावा. एखादा हस्तलिखित कागद, जुना हिशेब किंवा तारखेचे वर्तमानपत्र दिसले, तर आधी त्याचे छायाचित्र घ्या आणि गावातल्या जाणत्या माणसाला दाखवा. रंग आठ दिवसांनी दिला तरी चालेल. फाटलेला कागद मात्र पुन्हा जुळत नाही.