साक्षर किती, हे विचारून कळतं की तपासून?

पाहणीसाठी माणसं कशी निवडतात ते आपण मागच्या व्याख्यानात पाहिलं. आज बघूया, त्यांना विचारायचं काय.

२०११च्या जनगणनेत भारतातली साक्षरता सुमारे ७३ टक्के निघाली. व्याख्या साधी: वय सात किंवा जास्त, आणि कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणं. पण प्रगणक दारात कुणाची परीक्षा घेत नाही. तो विचारतो, घरातलं कुणीतरी उत्तर देतं. सासूला वाचता येतं की नाही, हे सून सांगते. उत्तरं दोनच, हो किंवा नाही. आता बघा, सही करता येणारी बाई आणि बँकेचा अर्ज स्वतः भरणारी बाई, दोघी एकाच रकान्यात जाऊ शकतात.

दुसरी रीत म्हणजे काम देऊन बघायचं. ओईसीडी या संघटनेनं २०११-१२ मध्ये २४ देशांत प्रौढांच्या कौशल्यांची अशी पाहणी केली. भारत त्यात नव्हता. वय १६ ते ६५. आधी मुलाखत, मग रोजच्या जगण्यातला मजकूर, तक्ते, आकडेमोड. गुण ० ते ५०० च्या पट्टीवर, आणि त्यांच्या पायऱ्या केलेल्या. म्हणजे 'येतं का?' याऐवजी 'कुठवर येतं?' हे कळतं.

यात एक गंमत आहे. प्रत्येकाला सगळे प्रश्न दिले तर माणूस कंटाळून उठेल. म्हणून वेगवेगळ्यांना वेगवेगळे संच देतात आणि गणितानं ते जोडतात. त्यामुळे निकाल समाजाचा असतो, एकट्यादुकट्याचा नव्हे.

चाचणी मुख्यतः संगणकावर होती. मग ज्याला माउस धरता येत नाही, त्याचं वाचनही कच्चं ठरवायचं का? तसं होऊ नये म्हणून आधी संगणक हाताळण्याची छोटी तपासणी ठेवली होती. त्यात अडलेल्यांना कागदावर प्रश्न दिले. कागदाकडे किती जण वळले, तीही एक माहितीच.

आपल्याला दोन्ही रीती लागतात. विचारणं स्वस्त, गावागावाचा आकडा देणारं. तपासणं महाग, पण खोल. धोका कुठे आहे? 'हो' रकान्यात गेलेल्या माणसाला आता शिकवायची गरज नाही, असं आपण धरून चालतो. सही येणारी ती बाई नेमकी तिथेच सुटते.