अडकून पडलेली वही

सरकारी कचेरीत वरची खुर्ची कोणाला मिळणार, हे रोस्टरच्या वहीवर ठरते. महाराष्ट्रात तिला बिंदुनामावली म्हणतात. संवर्गातल्या प्रत्येक पदाला एक बिंदू आणि बिंदूसमोर प्रवर्ग. मध्य प्रदेशात अनुसूचित जातींना 16 आणि जमातींना 20 टक्के आरक्षण. एखादा बाबू निवृत्त झाला, तरी बिंदू त्याच्याच प्रवर्गाकडे राहतो; सभरवाल खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. मग ज्येष्ठता यादी आणि गोपनीय अहवाल घेऊन पदोन्नती समिती बसते.

30 एप्रिल 2016 रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या 2002 च्या नियमांतले पदोन्नतीतील आरक्षण रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' म्हटले आणि राज्यभर पदोन्नत्या गोठल्या. राखीव आणि खुला, दोन्ही प्रवर्गांतले लोक त्याच पदावरून निवृत्त होत राहिले. 2021 पासून पोलिसांत 'कार्यवाहक' पदे दिली गेली: खांद्यावर वरच्या हुद्द्याची खूण, पगार मात्र जुन्याच पदाचा.

अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांची अजाक्स आणि पदोन्नतीतील आरक्षणाला विरोध करणारी सपाक्स या कर्मचारी संघटना आमनेसामने आल्या. सपाक्सचे म्हणणे, ज्येष्ठांना डावलले जाते. ती खंत खरी आहे. पण कोरकू किंवा बारेला अशा आदिवासी घरातला पहिला नोकरदार वरच्या फळीपर्यंत पोचत नाही, हेही तितकेच खरे. आणि माझ्या मते ते जास्त जुने दुखणे आहे. 2001 साली डरबनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला, तेव्हा भारत सरकारने विरोध केला होता. घरचा प्रश्न घरीच सोडवू, ही भूमिका घेतली, तर तो सोडवायलाही हवा.

घोडे अडले ते आकड्यांवर. प्रतिनिधित्व अपुरे असल्याचे मोजून दाखवा, असे सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात 2006 सालीच बजावले होते. त्याच निकालातली मागासलेपणाच्या पुराव्याची अट 2018 मध्ये गेली; 2022 मध्ये मोजणी संवर्गनिहाय हवी, असे ठरले. म्हणजे काम कचेरीतल्या त्या वहीतूनच व्हायचे होते. जून 2025 मध्ये राज्याचे पदोन्नतीचे नवे नियम आले आणि त्यांनाही लगेच उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. सरकारने प्रत्येक संवर्गाची मोजणी करून ती लोकांसमोर जाहीर मांडावी. ते न करता केलेले कोणतेही नियम न्यायालयात टिकणार नाहीत.