आघाताच्या जखमा आणि ‘ईएमडीआर’ उपचार

११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भीषण स्फोट झाला आणि बोईसर परिसर हादरला. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागाने भूकंपाचे असंख्य धक्के सोसले. अशा प्रसंगी देहाच्या जखमा भरून येतात. पण पुढे भांडे पडले तरी कित्येकांचा थरकाप होतो. त्यांच्यासाठी ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धती आम्हांला मोलाची वाटते.

अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये तिचा पाया घातला. प्रथम मन स्थिर करण्यास शिकवले जाते. मग ती आठवण, तिच्याशी निगडित विचार आणि शरीरातील ताण ध्यानी घेऊन रुग्ण उपचारकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवतो. आठवण पुसली जात नाही, तिची धार बोथट होते. ‘मी असहाय आहे’ याऐवजी ‘मी आता सुरक्षित आहे’ हा विश्वास रुजतो.

नेत्रहालचालींचा नेमका वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या उपचाराची शिफारस केली. तो प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावा. प्राथमिक मार्गदर्शनासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. प्रार्थना धीर देतेच. मात्र उपचार घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे, हे आपण ध्यानात ठेवू या.