विमानभाडे, हुंडेकऱ्यांची संघटना आणि आपला शेतमाल

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जानेवारी १९४९ पासून मध्यरात्रीच्या सुमारास एक आगळीच लगबग सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि रात्रीतच आपापल्या वाटेने परत फिरत. नागपूर देशाच्या मध्यावर वसले आहे, या एकाच गोष्टीचा तो लाभ होता. पुढे ती सेवा बंद पडली. तथापि आपण मध्यावर आहोत, तेव्हा मालाची विमाने येथे आपोआप येतील, ही समजूत मात्र विदर्भात आजही टिकून आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. विमान कोठे उतरावे, मालाला किलोमागे किती भाडे पडावे, माल विमानतळावर किती वेळ विनाशुल्क ठेवता यावा, या गोष्टी केवळ नकाशा पाहून ठरत नाहीत. विमान कंपन्या, विमानतळाचे चालक, माल पाठविणारे हुंडेकरी आणि शासन यांच्यातील चर्चेतून, आणि प्रसंगी भांडणातून, त्या ठरत जातात. या चर्चेत प्रत्येकाच्या वतीने बोलणारी एक संघटना असते. ती कसे काम करते हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्या चर्चेत जो खर्च वाढतो, तो अखेरीस बांधावरच्या भावातून वजा होत असतो.

प्रथम विमानाने कोणता माल जातो ते पाहू. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून ते विमानातून जाऊ लागेल असे नव्हे. संत्रे वजनाने जड आणि किलोमागे किमतीने बेताचे. त्याची खरी वाट ट्रकची, रेल्वेची वा जहाजाची. विमान परवडते ते हिरवी मिरची, पालेभाजी, फुले यांसारख्या दोन-चार दिवसांत खराब होणाऱ्या आणि दूरच्या बाजारात चांगला भाव घेणाऱ्या मालाला. त्यातही भाडे नुसत्या वजनावर आकारले जात नाही. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्याला ६००० ने भागावयाचे; येणारा आकडा हे त्या पेटीचे ‘आकारमानी वजन’ होय. खरे वजन आणि हे वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे पडते. उदाहरणार्थ, ५० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ३० उंच अशा पेटीचे आकारमानी वजन १० किलो होते. तीत कोथिंबीर भरून पेटीसह वजन ७ किलोच भरले, तरी भाडे १० किलोंचे द्यावे लागते. तीन किलो हवा विमानाने पाठविल्यासारखेच ते झाले.

हा माल शेतातून निघतो तो निर्यातदाराकडे; निर्यातदार तो हवाई मालवाहतुकीच्या एजंटाकडे सोपवितो. जुन्या भाषेत यालाच आपण हुंडेकरी म्हणत असू. हुंडेकरी विमानात जागा राखतो, जकातीचे व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचे कागद पुरे करवून घेतो, मालाची सुरक्षा-तपासणी करवितो आणि विमान कंपनीचे मालपत्र तयार करतो. नागपूरकडील असा पुष्कळसा माल ट्रकने मुंबईस जातो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाल्यापासून हा प्रवास सुकर झाला आहे. परंतु रस्त्यावर वाचलेले तास विमानतळाच्या दारात उभे राहून खर्ची पडले, तर मिरचीला त्याचे सुखदुःख सारखेच.

या हुंडेकऱ्यांची अखिल भारतीय संघटना एअर कार्गो एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया या नावाची आहे. जगभरच्या हुंडेकरी संघटनांचा महासंघ ‘फियाटा’ १९२६ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झाला. विमान कंपन्यांचा आपला निराळा संघ आहे, तो ‘आयाटा’, स्थापना १९४५. हुंडेकऱ्याने कोणत्या अटींवर काम करावे, कंपनीचे पैसे किती दिवसांत भरावेत, हे नियम या दोन बाजूंच्या बोलण्यातून घडत आले आहेत. एकटा हुंडेकरी मोठ्या विमान कंपनीपुढे उभा राहिला तर त्याचे गाऱ्हाणे ऐकावयास कोणी बसत नाही. शेकडो हुंडेकऱ्यांच्या वतीने कागद गेला की त्याला उत्तर द्यावे लागते. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवरील शुल्क ठरविण्यासाठी २००८ च्या कायद्याने विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण स्थापन झाले आहे. ते दर ठरविण्यापूर्वी आपला प्रस्ताव प्रसिद्ध करते व संबंधितांची लेखी मते मागविते. तेथे मत पाठविणे हे संघटनेचे नेहमीचे काम. सभा, हारतुरे, भाषणे हे सारे वर दिसते. खरे काम अशा कंटाळवाण्या कागदांत चालते.

या कामाचे स्वरूप एका प्रत्यक्ष प्रकरणावरून नीट ध्यानात येईल. मे २००८ मध्ये इंधन महागल्याच्या कारणाने देशांतर्गत विमान कंपन्यांनी मालाच्या भाड्यावर किलोमागे ५ रुपये इंधन-अधिभार बसविला. तो पुढे वाढत गेला. इंधन महागले की अधिभार चढे. इंधन उतरले तरी तो त्या प्रमाणात खाली येईना. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांची वाढ एकाच सुमारास, एकाच रकमेने होत असल्याचे माल पाठविणाऱ्यांच्या लक्षात आले. जलद मालवाहतूक करणाऱ्या व्यावसायिकांची एक्स्प्रेस इंडस्ट्री कौन्सिल ऑफ इंडिया ही संघटना २०१३ मध्ये हे प्रकरण घेऊन भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली. विमाने बंद पाडा, असे काही तिने म्हटले नाही. कोणत्या कंपनीने किती तारखेपासून किती अधिभार लावला आणि त्या वेळी इंधनाची स्थिती काय होती, हाच या प्रकरणाचा गाभा होता.

आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये जेट एअरवेज, इंडिगो व स्पाइसजेट या तीन कंपन्यांना मिळून सुमारे २५८ कोटी रुपयांचा दंड केला. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने, कंपन्यांना आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही या कारणावरून, तो निर्णय रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठविले. पुन्हा सुनावणी झाली आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने त्याच तीन कंपन्यांना पुन्हा दंड केला. मात्र या वेळी रक्कम सुमारे ५४ कोटींवर आली. तक्रार करण्यापासून या निर्णयापर्यंत पाच वर्षे गेली. एखाद्या एकट्या व्यापाऱ्याने एवढा काळ वकील, कागद आणि हेलपाटे यांचा भार सोसला असता काय? संघटनेची वर्गणी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मला तरी या पाच वर्षांत सापडते. हा कायदा दुधारी आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. विमान कंपन्यांनी संगनमताने दर ठरविणे जसे गैर, तसेच हुंडेकऱ्यांच्या संघटनेनेही आपल्या सभासदांचे दर ठरवून देणे गैर. संघटनेने गाऱ्हाणे मांडावे, भाव बांधू नये.

सर्वच प्रयत्नांना यश येते असे नाही. निर्यातीच्या विमानभाड्याला जानेवारी २०१८ मध्ये वस्तू व सेवा करातून सूट मिळाली, ती मुदतीची होती. निर्यातदारांच्या आणि हुंडेकऱ्यांच्या संघटना दर वर्षी निवेदने देत राहिल्या आणि मुदत वर्षावर्षाने वाढत राहिली. ३० सप्टेंबर २०२२ रोजी ती संपली, त्या वेळी मात्र वाढ मिळाली नाही आणि भाड्यावर १८ टक्के कर लागू झाला. निर्यातदाराला हा कर परत मागता येतो, हे खरे. पण परतावा हाती येईपर्यंत भांडवल अडकून पडते. ज्याचे भांडवल अडकते तो शेतकऱ्याचे पैसे उशिरा देतो. नियम दिल्लीत बदलतो आणि त्याची उधारी काटोलच्या शेतकऱ्याच्या वहीत लिहिली जाते, ती अशी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे बरे. हुंडेकऱ्यांची संघटना हुंडेकऱ्यांची आहे, ती शेतकऱ्यांची नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने परदेशी कंपन्यांच्या वेळापत्रकाबाहेरील मालवाहू विमानांना मुंबई, दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, बेंगळुरू व हैदराबाद या सहाच विमानतळांवर येण्याची मुभा ठेवली. देशी विमान कंपन्यांच्या दृष्टीने हा दिलासा होता. स्वस्त जागा शोधणाऱ्या निर्यातदाराच्या दृष्टीने अडचण. एकाच निर्णयाकडे निरनिराळ्या संघटनांनी निरनिराळ्या नजरेने पाहावे, यात नवल नाही. त्या सहांच्या यादीत देशाच्या मध्यावरचे नागपूर नव्हते. नागपूरच्या वतीने, आणि त्यातही नागपूरकडील शेतमालाच्या वतीने, बोलणारे कोण, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

द्राक्ष बागायतदारांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर १९९१ मध्ये दिले. उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि परदेशी खरेदीदाराशी व शासनाशी एका तोंडाने बोलावयास आरंभ केला. आपल्याकडेही बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवीत नेले तेव्हा संत्रा उत्पादकांनी पाठपुरावा केला आणि २०२३ च्या अखेरीस राज्य शासनाने निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले. विमानाने माल पाठविणारे आपल्याकडील गट अजून थोडे आणि विखुरलेले आहेत. त्यांना स्वतःची संघटना उभारावयास वेळ लागेल. तोपर्यंत निर्यातदाराच्या व हुंडेकऱ्याच्या द्वारे आपले म्हणणे वर पोचविणे, एवढे तरी आजच करता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी हाती पुरावा हवा.

कळमेश्वर तालुक्यातील एका शेतकरी गटाचा अनुभव येथे सांगतो. गटाची हिरवी मिरची एका निर्यातदारामार्फत मुंबईहून जावयाची होती. माल एक दिवस उशिरा गेला; पलीकडे पोचला तेव्हा मिरचीचे देठ काळे पडले होते आणि भाव जवळजवळ निम्मा कापला गेला. ट्रक उशिरा आला, असे हुंडेकऱ्याचे म्हणणे. ट्रक वेळेत दारात होता, असे चालकाचे. दारावरची पावती चालकाने कोठेतरी ठेवली होती, ती सापडली नाही. तक्रार लिहावयास मी त्यांच्यासोबत बसलो, तेव्हा आमच्या लक्षात आले की तोडणी किती वाजता झाली, पेट्या किती वाजता भरल्या, गाडी केव्हा निघाली, यांपैकी कशाचीही नोंद गटाजवळ नाही. कोरा कागद तसाच घडी करून ठेवावा लागला. मालपत्रावर शेतकऱ्याचे नाव नसते, ते निर्यातदाराचे किंवा हुंडेकऱ्याचे असते. ही गोष्ट गटातील कोणाला ठाऊक नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवसापर्यंत मीही तिचा विचार केला नव्हता.

या बाबतीतील मुदती कार्यकर्त्यांनी पाठ कराव्यात. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत मालाची खराबी झाल्यास, माल हाती आल्यापासून १४ दिवसांच्या आत विमान कंपनीकडे लेखी तक्रार गेली पाहिजे. उशीर झाल्यास माल ताब्यात दिल्यापासून २१ दिवसांच्या आत. ही तक्रार माल घेणाऱ्याने करावयाची असते. म्हणून खराबीची बातमी कळताच गटाने आपल्या निर्यातदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी. फोनवर बोलणे झाले, एवढ्यावर समाधान मानू नये.

त्या गटाने पुढच्या हंगामापासून एक साधी वही घातली आहे. तोडणीची वेळ, पेट्यांची संख्या, प्रत्येक पेटीचे माप व वजन, गाडी निघाल्याची वेळ, विमानतळाच्या दारावरील पावतीचा क्रमांक आणि मालपत्राचा क्रमांक, इतकेच रकाने तीत आहेत. चालक पावतीचे छायाचित्र मोबाईलवरून लगेच पाठवितो. दुसऱ्या वर्षी पुन्हा एका खेपेला साठवणुकीचे जादा शुल्क लावण्यात आले. वहीतील वेळा आणि पावती निर्यातदाराने हुंडेकऱ्यापुढे ठेवली आणि ते शुल्क गटाच्या हिशेबातून वगळण्यात आले. रक्कम फार नव्हती. पण निर्यातदाराने त्या वहीच्या सहा महिन्यांच्या पानांच्या प्रती मागून घेतल्या. दारावर होणाऱ्या खोळंब्याचे निवेदन त्याला आपल्या संघटनेकडे द्यावयाचे होते आणि इतक्या तपशिलाची नोंद त्याच्या स्वतःच्या कचेरीतही नव्हती.

पालेभाजीच्या पेट्यांचे मापही गटाने त्याच सुमारास बदलले. तीस सेंटिमीटर उंचीची पेटी आता वीस सेंटिमीटरची आहे.