पडद्यावरचे गवई : काही आवडलेले, काही नावडलेले



आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे आजचा विषय मी का निवडला ते ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी मी ज्या गावच्या शाळेत होतो, तिथे एक वृद्ध पखवाजवादक होते. सप्ताह कोणत्याही आळीचा असो, पखवाज त्यांचाच. सारा गाव त्यांना बुवा म्हणे. शाळेच्या मुलांना हाताशी घेऊन बुवांवर एक छोटासा चित्रपट करावा असे माझ्या मनाने घेतले. मोबाइल फोनवर चार दिवस आम्ही चित्रण केले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक कशी लावायची, अभंग रंगात आला की ठेका कसा चढवायचा, हे बुवांनी हौसेने करून दाखवले. बोलता बोलता पावसात गळणाऱ्या घराचे आणि शहरात गेलेल्या मुलांचे दुःखही सांगितले. त्यातून मी दहा मिनिटांचा चित्रपट जुळवला आणि स्नेहसंमेलनात दाखवला. बायामाणसांनी डोळे पुसले. मला वाटले, साधले!

दुसऱ्या दिवशी बुवा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, “गुरुजी, माझं घर गळतं ते समद्या गावानं बघितलं. पण मी वाजवलं ते कुठं गेलं?”

मी घरी जाऊन मोजले. दहा मिनिटांत बुवांचा पखवाज सलग असा वीस सेकंदही वाजलेला नव्हता. मला रडणारा म्हातारा हवा होता, वाजवणारा बुवा मी कापून टाकला होता.

तेव्हापासून गवयांवरचा, वादकांवरचा, बँडवरचा कोणताही चित्रपट बघायला बसलो की बुवांचा प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसतो. आज त्याच प्रश्नाच्या आधारे माझे काही आवडते नि नावडते चित्रपट तुम्हांला सांगणार आहे.

अशा चित्रपटांना आपल्याकडे अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल, १९४८ साली मुंबईत सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षे थिएटरात मुख्य खेळाआधी त्याचा अनुबोधपट लागत असे. नटनट्या नाहीत, सगळे खरेखुरे, म्हणून आपण तो निमूटपणे खरा मानत असू. पण खरेपणाची गोष्ट इतकी सोपी नाही. खळ्यावर रास उफणताना वारा भूस उडवून नेतो आणि दाणा खाली पडतो. चित्रपटात मात्र हा वारा माणसाच्या हातात असतो. भूस कोणते आणि दाणा कोणता, हे कात्री धरणारा ठरवतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडचा बीटल्स हा बँड. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे लिव्हरपूल शहरातले चौघे. १९६९ च्या जानेवारीत ते नवी गाणी बसवायला जमले. आधी लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत आणि मग आपल्याच कंपनीच्या इमारतीत. मायकेल लिंडसे-हॉग या दिग्दर्शकाचे कॅमेरे सारखे चालू होते. ३० जानेवारीला चौघे त्या इमारतीच्या गच्चीवर चढले आणि भर दुपारी थंडीत गायले. रस्त्यावर गर्दी जमली, पोलीस आले. या साऱ्या चित्रणातून सुमारे ८० मिनिटांचा ‘लेट इट बी’ हा चित्रपट १९७० च्या मे महिन्यात लागला. त्याच्या आदल्याच महिन्यात बँड फुटल्याची वार्ता जगभर झाली होती. लोकांनी तो चित्रपट अंत्ययात्रा बघावी तसा बघितला. उदास चेहरे, अंधारलेली खोली, पॉल आणि जॉर्ज यांची कुरबूर. शेवटचे दिवस म्हणजे नुसते भांडण, ही समजूत त्यावरूनच रूढ झाली.

आता पुढची गंमत ऐका. पन्नास वर्षांनी पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाच्या हाती तीच रिळे आली. सुमारे ६० तासांचे चित्रण आणि दीडशे तासांचे ध्वनिमुद्रण. त्यातून त्यांनी ‘गेट बॅक’ हा जवळजवळ आठ तासांचा, तीन भागांचा चित्रपट केला. तो २०२१ च्या नोव्हेंबरात आला. माणसे तीच, जागा तीच, दिवसही तेच. पण इथे चौघे हसतात, एकमेकांच्या नकला करतात, चहा-टोस्ट खात बसतात, वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. आणि नवल असे की, १० जानेवारीला जॉर्ज बँड सोडून निघून गेला होता आणि काही दिवसांनी परत आला, ही मोठी घटना जुन्या चित्रपटात नव्हतीच! ती नव्यात आहे. म्हणजे बघा, जुन्याने मोठे भांडण गाळले आणि तरी तो भांडणाचा चित्रपट ठरला. नव्याने ते भांडण दाखवले आणि तरी तो मैत्रीचा ठरला.

त्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सकाळची वेळ. जॉन अजून यायचा आहे. पॉल गिटार घेऊन उगाच काहीतरी छेडत, गुणगुणत बसला आहे. शेजारी जॉर्ज जांभई देतो, रिंगो बघत बसला आहे. बघता बघता त्या गुणगुणण्याला नाक-डोळे फुटतात आणि पुढे जगभर गाजलेले गाणे आपल्यासमोर जन्माला येते. मध्ये कोणी पंडित येऊन अर्थ सांगत नाही. चाल कशी सुचते, असे मुले विचारतात ना? त्यांना हा प्रसंग दाखवावा.

म्हणून आवडत्यांत मी ‘गेट बॅक’ घालतो आणि ‘लेट इट बी’ नावडत्यांत. पण एक सांगायला हवे. नवा चित्रपट हयात असलेल्या दोघा कलावंतांच्या आणि दिवंगतांच्या घरच्या मंडळींच्या संमतीने झाला आहे. तेव्हा तोही कोणाच्या तरी हातून उफणलेलाच. जुना चित्रपट कित्येक वर्षे बघायला मिळत नव्हता. तो २०२४ साली पुन्हा दाखवला जाऊ लागला, हे बरे झाले. दोन्ही शेजारी ठेवून बघावेत.

दुसरा नावडता सांगतो, आणि तो ऐकून जाणकार माझ्यावर रागावतील. अमेरिकेत ‘द बँड’ याच नावाचा एक बँड होता. पाच जणांचा. २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात त्यांनी निरोपाची मैफल केली. मार्टिन स्कोर्सेसी या नामांकित दिग्दर्शकाने तिच्यावर ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा चित्रपट केला. तो १९७८ साली लागला. छायाचित्रण असे की डोळ्यांचे पारणे फिटावे, आणि गाणीही पुरी ऐकू येतात. मग नावडता का? पाचांतला गिटारवाला रॉबी रॉबर्टसन हा चित्रपटाचा निर्माताही होता, आणि पडद्यावर जिकडे तिकडे तोच. रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन हे दोघे जेमतेम दिसतात. ड्रम वाजवणारा आणि गाणारा लेव्हन हेल्म याने १९९३ सालच्या आपल्या आत्मचरित्रात याबद्दलचा कडवटपणा मांडला आहे. दिंडीचे चित्रण करावे, आणि पडद्यावर एकटा वीणेकरी दिसावा, टाळकऱ्यांच्या नुसत्या सावल्या, तसे हे झाले. दिंडी एकट्याची नसते, बँडही नसतो.

तिसरा चित्रपट आवडता की नावडता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हे त्याचे नाव. अमेरिकेत डेट्रॉईट शहरी रॉड्रिगेझ नावाचा गायक होता. १९७० आणि १९७१ साली त्याच्या दोन तबकड्या निघाल्या, पण तिथे त्या खपल्या नाहीत. बापड्याने बांधकामावर, पाडकामावर मजुरी करून संसार केला. इकडे दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या काळात, त्याची गाणी तरुणांच्या घराघरांत पोचली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! त्याने रंगमंचावरच जीव दिला, अशी अफवा तिकडे पसरली होती. अखेर चाहत्यांनी शोध घेतला, तर गडी जिवंत. १९९८ साली तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि खचाखच भरलेल्या सभागृहांपुढे गायला. मलिक बेंजेलूल या स्वीडिश तरुणाने ही कहाणी चित्रपटात मांडली. पैसे संपत आले तेव्हा थोडे चित्रण त्याने मोबाइल फोनवर केले. २०१३ साली या चित्रपटाला ऑस्कर मिळाले.

कहाणी खरी आहे, आणि बघताना कंठ दाटून येतो. पण ऑस्ट्रेलियातही रॉड्रिगेझची गाणी लोकप्रिय होती. १९७९ आणि १९८१ साली तो तिथे दौरे करून आला होता. चित्रपटात याचा उच्चार नाही. तो सांगितला असता, तर पंचवीस-तीस वर्षे जगाने विसरलेला माणूस हे चित्र तेवढे गडद झाले नसते. खोटे एक अक्षर सांगितले नाही, पण न सांगितल्यामुळे खऱ्याचा तोल गेला. आणि मी तरी काय वेगळे केले होते? बुवांचे घर गळत होतेच की!

आता दोन चित्रपट मनापासून आवडलेले. पहिला क्यूबा या बेटावरचा. राय कूडर हा अमेरिकन गिटारवादक १९९६ साली हवाना शहरात गेला आणि मागे पडलेल्या जुन्या गवयांना त्याने एकत्र आणून ध्वनिमुद्रण केले. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाने त्यांच्यावर ‘ब्वेना विस्टा सोशल क्लब’ हा चित्रपट केला, तो १९९९ सालचा. त्यातला इब्राहिम फेरेर हा गोड गळ्याचा गायक मधल्या काळात बूटपॉलिश करत होता. कोंपाय सेगुंदो नव्वदीला पोचलेला. पण ही म्हातारी मंडळी आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतात. फेरेर घरातला देव दाखवतो. पुढे १९९८ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सारे गातात. गरिबी इथेही आहे, पण ती गाण्याच्या पाठीमागे उभी आहे, पुढे नाही.

दुसरा आपल्याकडचा. मणि कौल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘ध्रुपद’, १९८२ सालचा. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवतात आणि त्यांचे बंधू झिया फरिदुद्दीन डागर गातात. या बंधूंकडे मणि कौल स्वतः ध्रुपद शिकले होते, आणि ते पडद्यावर जाणवते. स्तुतीची भाषणे नाहीत, घाई नाही. आलाप सुरू झाला की कॅमेरा शिष्यासारखा गप्प बसून ऐकतो. शेवटी स्वर चालू राहतो आणि आपण मुंबईच्या घरांच्या दाटीवरून हळूहळू सरकत जातो. थोरल्या उस्तादांनी पनवेलजवळ पळस्पे इथे गुरुकुल उभारले होते. ते १९९० साली गेले, धाकटे २०१३ साली. चित्रपटातला त्यांचा सूर मात्र अखंड, न कापलेला राहिला आहे. हा चित्रपट पहिल्या वेळी जड वाटेल. वाटू द्या. निम्माच बघा, पण मध्ये बोलू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या गावातही कोणी सनईवाला, संबळवाला, ओव्या म्हणणारी आजी असेल. चित्रण करायला आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. एक, निदान एक गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापता ठेवा. दोन, साथीदारांचीही नावे, गाव आणि तारीख लिहून ठेवा. तीन, गावाला दाखवण्याआधी ज्याचे चित्र त्याला दाखवा, आणि तो काय म्हणतो ते ऐका. मुलांना मात्र प्रत्येक चित्रपटानंतर एवढेच विचारा : यात काय दाखवले नसेल?

मी बुवांकडे परत गेलो. फोन एका स्टुलावर टेकवून ठेवला आणि एक अभंग पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत घेतला. अकरा मिनिटे झाली. मग तो आधी बुवांनाच दाखवला. मी म्हणालो, “बुवा, घराचं काढून टाकतो.”

बुवा हसले. म्हणाले, “काढू नका. गळतं ते खरंच हाय. पर ते मागनं येऊ द्या. आधी वाजवू द्या मला.”