‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

फुलचूरमध्ये डेस्कटॉप बंद पडला की तो दुचाकीवर मागे धरून गोंदियाच्या बाजारात न्यायचा, आणि निदान मात्र घरीच उरकलेलं असतं: ‘बोर्ड गेला.’ मदरबोर्ड जातोही कधीकधी. पण पंखे फिरताहेत आणि स्क्रीन काळीच आहे, तर आधी रॅमवर संशय घ्यावा. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, रॅम काढून ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास आहे, पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलेलं बरं.

तारीख मागे गेली, वेबसाइट उघडेनात, की ‘व्हायरस’ म्हणून विंडोज नव्याने टाकतात. पैसे जातात, दोष तसाच राहतो. बोर्डवरचा सीआर2032 हा 3 व्होल्टचा बटणसेल संपलेला असतो. घड्याळ चुकलं की सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही आणि ब्राउझर वेबसाइट अडवतो. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत घड्याळाला वीज एसएमपीएसकडून मिळते. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्यांचा सेल म्हणूनच लवकर संपतो. विजांच्या दिवसांत तरीही बंदच करा, सेल स्वस्त आहे. मात्र तो बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की बऱ्याच बोर्डांवर सेटिंग मूळपदावर जातात. साटाचा मोड एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेला, तर विंडोज सुरू होत नाही आणि बिचाऱ्या हार्डडिस्कवर आळ येतो.

‘बायोसला हात लावू नये’ हाही अर्धाच सल्ला. मशीन नीट चालत असेल तर उगाच अपडेट नकोच. पण इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर चुकीच्या व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते, आणि 2024मध्ये कंपनीने दिलेला उपाय बायोस अपडेटमधूनच यायचा होता. झालेली हानी त्याने भरून निघत नाही, पुढची टळते. अशा मशीनला टाळाटाळ महागात पडते. अपडेट यूपीएसवर करा आणि वादळी संध्याकाळ टाळा. मध्येच वीज गेली तर मात्र ‘बोर्ड गेला’ हे खरं ठरू शकतं.

उन्हाळ्याचं काय? प्रोसेसर 90 अंशांवर गेला म्हणून जळत नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात मशीन ‘हळू’ होतं ते यामुळेही. खोलीच 42 अंशांवर असेल तर हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला त्याखाली आणू शकत नाही. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून धूळ आत घेण्यापेक्षा पंखे साफ करा, जुनी थर्मल पेस्ट बदला. आणि घरातल्या डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका: त्याच्याबरोबर पाण्याचे तुषार येतात, ते सुकले की बोर्डवर क्षार उरतात.

राहिली रॅम ‘3200’ची घेऊन 2400वर चालण्याची तक्रार. दुकानदाराने फसवलेलं नसतं. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं. मग मशीन अडकू लागलं तर बंद करा, रोजच्या कामात फरक फारसा जाणवत नाही.