शंभर चौरस फुटांचे गणित

भाजीचे भाव कडाडले की परसबागेची आठवण व्हायची आणि भाव उतरले की वाफ्यांत पुन्हा गवत माजायचे, हा क्रम आपल्या शहरांना नवा नाही. १९६५ मध्ये अन्नधान्याच्या टंचाईच्या दिवसांत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी दिल्लीतील आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरविला. नागरिकांनीही मोकळ्या जागा पिकवाव्यात, हा त्यामागील हेतू होता. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हाही घरोघरी कुंड्या आणि वाफ्यांची चर्चा रंगली. काही आठवड्यांत टोमॅटो स्वस्त झाला आणि चर्चाही थंडावली. याचे खापर मध्यमवर्गाच्या आळसावर फोडणे सोपे आहे. वस्तुत: बहुतेक परसबागा मोडतात त्या हिशेब चुकल्यामुळे.

पहिली चूक अपेक्षेची असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार माणसी दररोज ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी हे प्रमाण ५८४ किलो होते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद तुकड्यातून एवढे उत्पन्न काढण्याची भाषा करणाऱ्याने आधी वजनकाट्याकडे पाहावे. मात्र आठवड्यातून दोन वेळची पालेभाजी, रोजची कोथिंबीर व मिरची आणि हंगामात एखाद्या वेलाची भाजी, एवढे मागणे अवाजवी नाही. तेही थोडके नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. केवळ मेथी-पालकाने हे दुखणे हटणार नाही, हे खरे. परंतु भाजी महागली की ताटातून सर्वांत आधी कमी होते ती पालेभाजीच, आणि तीही बहुधा घरातील स्त्रीच्या ताटातून.

म्हणूनच अशा तुकड्यात कांदा, बटाटा किंवा कोबी लावणे म्हणजे जागेचा अपव्यय होय. कोबीचा एक गड्डा पदरात पडेपर्यंत जमीन तीन महिने अडकून राहते. तेवढ्या काळात त्याच जागेतून पालेभाजीची तीन पिके निघतात.

जागेचाही नीट विचार होत नाही. शेतातील सरी-वरंबा परसात जसाच्या तसा आणला, तर निम्मी जमीन पायवाटांतच जाते. त्याऐवजी चार फूट रुंदीचे दोन वाफे आणि मध्ये दोन फुटांची वाट ठेवली, तर शंभरपैकी ऐंशी चौरस फूट पिकाखाली येतात. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय देण्याची वेळ येत नाही आणि माती भुसभुशीत राहते.

परंतु खरी गळती दिवसांची असते. मेथी साधारणत: महिन्यात काढणीस येते. एक पीक निघाल्यावर दुसरे पेरण्यास वीस दिवस लागले, तर ऑक्टोबर ते मार्च या १८० दिवसांत सहाऐवजी तीन-चारच पिके हाती लागतात. वाफा कधी रिकामा दिसू नये, हे ज्याने पाळले त्याचे उत्पन्न जवळजवळ दुप्पट होते; त्यासाठी इंचभरही जास्त जमीन लागत नाही. वांगी-टोमॅटोची रोपे लावण्याजोगी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ती एखाद्या जुन्या डब्यात वाढवावीत. तोवर वाफ्यात मेथीचे एक पीक निघून जाते. वांग्याच्या दोन रोपांत दोन फुटांचे अंतर ठेवावे लागते, आणि पहिला महिनाभर ती मधली जागा मुळ्याला किंवा कोथिंबिरीला मोकळीच असते. सबंध वाफा एकाच दिवशी पेरण्याची हौसही महागात पडते. मग एका रविवारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना मेथी वाटावी लागते आणि पुढचे तीन रविवार मंडईत जावे लागते. दर आठवड्याला फूटभर रुंदीचा पट्टा पेरावा. पालक मुळासकट न उपटता बोटभर वरून कापला, तर पुन्हा फुटतो. तांदुळजाचे शेंडे खुडावेत. मेथीमागून मेथी मात्र सतत घेऊ नये. मध्ये मुळा किंवा चुका यावा.

गारगोटीचे गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे हाच विचार दहा गुंठ्यांच्या शेतीत मांडला होता. पीक म्हणजे पानांनी साठविलेले ऊन, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र. शहरात इमारतींच्या सावल्यांमुळे ते अधिकच लागू पडते. टोमॅटो, मिरची, वांगी यांना सहा तास ऊन लागते. पालेभाज्यांचे त्याहून कमी उन्हात भागते. दोडका, पडवळ, कारले यांचा मांडव उत्तरेच्या कुंपणाशी घालावा, म्हणजे हिवाळ्यातील त्याची सावली वाफ्यावर पडत नाही. जेथे ऊन जेमतेमच येते तेथे अळू आहे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावणाऱ्या जुन्या पिढीला या विषयावर कोणाच्या व्याख्यानाची गरज पडली नव्हती. अर्थात आजच्या साबणचुऱ्याच्या पाण्याबाबत तेवढे निश्चिंत राहता येणार नाही.

मातीचा प्रश्न अधिक बिकट आहे. नव्या इमारतीभोवती माती म्हणून जे असते, ते बहुधा विटांचे तुकडे आणि सिमेंट असते. तेथे वर्षभर पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून जमीन तयार करावी लागते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. तरीही अनेक वसाहतींत सकाळी पाचोळा पेटलेला दिसतो. उत्तम खताचा तो धूर आहे.

श्रमांचा हिशेब तर मांडलाच जात नाही. पाणी घालणे, निवडणे, खुडणे ही कामे गृहिणीच्या माथी आली, तर परसबाग म्हणजे तिच्या दिवसात आणखी एका कामाची भर. ऐंशी चौरस फुटांना रोज अर्धा तास पुरतो. तो घरातील शाळकरी मुलाने किंवा कचेरीतून परतलेल्या पुरुषाने द्यावयास हरकत नाही.

तथापि आज परसबागेवरील खरे संकट वेगळेच आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील मातीच्या पट्ट्या सिमेंटच्या ठोकळ्यांखाली झपाट्याने जात आहेत. कारण एकच, वाहनतळ. एक मोटार उभी करण्यास शंभर चौरस फुटांहून अधिक जागा लागते. ती देताना कोणी हिशेब विचारीत नाही, आणि एका सभासदाने वाफ्यासाठी तेवढीच जागा व नळाची जोडणी मागितली, तर डास, चिखल आणि समान हक्क यांची आठवण होते. आक्षेप निराधार नाहीत. जमीन सामायिक असेल तर वाफेही आळीपाळीने वाटले पाहिजेत, आणि पाणी साचू न देण्याची हमी लागवड करणाऱ्याने घेतली पाहिजे. हे सारे वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरावाने करून घेता येते. ही सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाची असते; हिवाळी भाज्यांची पेरणी त्यापाठोपाठच, ऑक्टोबरात सुरू होते.